काडी पिकू द्या : प्रस्तावना

सांगलीत आमच्या गच्चीवर डाळिंबाचं एक झाड आहे. उंची जेमतेम दीड फूट, बुंधा मात्र पोटरीएवढा जाड आणि सुंभाला पीळ द्यावा तसा वळलेला. आटपाडीकडच्या एका शेतकऱ्यानं जुनी बाग काढली होती. खोडं बांधावर रचून ठेवलेली होती आणि थोड्या दिवसांत ती चुलीत जाणार होती. त्यातलं एक मी मागून आणलं. मुळं आखूड केली, मुरूम आणि विटांच्या चाळलेल्या खड्यांत लावलं, सावलीत ठेवलं. काही आठवड्यांनी कोरड्या सालीतून तांबूस कोंब डोकावले तेव्हा घरातल्या सगळ्यांना मी गच्चीवर बोलावलं होतं.

पुढची चार वर्षं मी ते झाड घडवलं. पहिली फांदी कुठली, दुसरी कुठली, मागची कुठली, हे ठरवलं. तारा गुंडाळल्या, वेळेवर सोडल्या. शेंडा दोन पानं पुढे गेला की खुडला. आकार असा जमला की गच्चीवर येणारा माणूस आधी त्याच्यासमोर थांबायचा. पण चार वर्षांत त्याला एक कळी लागली नाही.

पाचव्या वर्षी पूजेला तासगावकडून माझे धाकटे दीर आले. त्यांची द्राक्षबाग आहे. जेवणं झाल्यावर गच्चीवर आले, झाडासमोर उकिडवे बसले आणि एक शेंडा बोटांत धरून बघत राहिले.

“वहिनी, हे छाटता कधी?”

“दर पंधरा दिवसांनी शेंडे खुडते की, भावजी. आकार मोडू नये म्हणून.”

“मग काडी पिकते कधी?”

मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, “डोळ्यात फूल बसायला काडीला दिवस लागतात. तुम्ही ती हिरवी आहे तोवरच काढताय. झाडानं फुलायचं कशावर?”

या पुस्तकाचं मूळ त्या प्रश्नात आहे. बोन्सायवरची जी पुस्तकं मी तोवर वाचली होती त्यांतली बहुतेक पाइन, ज्युनिपर आणि वड-पिंपळ-उंबर यांना समोर ठेवून लिहिलेली होती. या झाडांकडून आपल्याला फूल नको असतं. आकार, साल, मुळांची बैठक एवढंच हवं असतं. त्यातल्या वड-पिंपळ-उंबरांना तर वर्षभर खुडत राहिलं तरी बिघडत नाही, उलट पानं बारीक होतात आणि फांद्या दाट होतात. हाच हात आपण डाळिंबावर, कुंतीवर, बोगनवेलीवर चालवतो आणि मग ‘फुलं का येत नाहीत’ म्हणून खतं बदलत बसतो. फुलझाडाच्या बाबतीत कात्रीला पंचांग असतं. ते पंचांग सांगली जिल्ह्यातला प्रत्येक बागायतदार जाणतो. बोन्साय करणाऱ्या आम्हा शहरातल्या लोकांनी ते त्याला कधी विचारलं नव्हतं.

द्राक्षाचं थोडं सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. पहिली एप्रिलच्या सुमारास, खरड छाटणी. ओलांड्यावरच्या, म्हणजे तारेवर पसरलेल्या आडव्या हातांवरच्या, जुन्या काड्या तळाशी एखादा डोळा ठेवून काढून टाकतात. त्या दिवशी बाग पाहवत नाही. खोड, ओलांडे आणि तारा एवढंच उरतं. या छाटणीतून फळ घ्यायचं नसतंच. तिच्यातून नव्या काड्या फुटतात, त्यांची विरळणी होते, सातव्या-आठव्या पानाच्या आसपास शेंडा मारून सबकेन, म्हणजे त्या काडीची पुढची फूट, धरतात, बगलफुटी काढतात. मग पावसाळाभर काडी पिकते. तळाकडून वर तपकिरी होत जाते, बोटांत धरली की टणक लागते. दुसरी छाटणी ऑक्टोबरच्या सुमाराला, तिला गोडी छाटणी म्हणतात. नावातच तिचं काम आहे. या वेळी पिकलेली काडी नेमक्या डोळ्याच्या वर कापायची, आणि त्या डोळ्यातून घड बाहेर येतो.

हा घड ऑक्टोबरात तयार होत नाही. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या काळात, म्हणजे मे-जूनमध्येच, तो डोळ्याच्या आत धरला जातो. तेव्हा डोळ्यात एक अतिसूक्ष्म उंचवटा असतो आणि त्याचा घड व्हायचा की बाळी, हे ठरलेलं नसतं. डोळ्यावर ऊन पडत असेल, काडीत अन्न साठत असेल आणि शेंड्याच्या धावण्याला लगाम असेल, तर घड होतो. दाट सावली, ढगाळ हवा, पाण्याचा आणि नत्राचा जोर असेल, तर तोच उंचवटा बाळी होतो, आधाराला वेटोळी घालणारा नुसता तंतू. म्हणून खरड छाटणी लांबली की बागायतदाराचा जीव थाऱ्यावर राहत नाही. घड धरायचे दिवस जूनच्या आभाळात सापडतात. पुढे गोडी छाटणीच्या आधी पुष्कळ जण काड्या तपासायला नेतात. डोळा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहून कात्री कुठे लावायची ते ठरवतात.

फूल दिसण्याच्या चार महिने आधी ते कुठे आहे हे ज्यांना माहीत असतं, त्यांची ही विद्या आहे. आपल्या कुंडीतल्या झाडाला तीच लागू करायची आहे. म्हणून मी या पुस्तकात सगळीकडे हीच दोन नावं वापरली आहेत. आकारासाठी, फांदी जाड किंवा दुभंगी करण्यासाठी, चुकीची वाढ काढण्यासाठी जी कडक छाटणी करायची तिला मी खरड छाटणी म्हटलं आहे. फुलाच्या आधी पिकलेल्या काडीवर जी हलकी, मोजकी छाटणी करायची ती गोडी छाटणी. दोन्हींच्या मध्ये काडी पिकण्याचा काळ, आणि त्या काळात हात आवरायचा. आकार थोडा सुटेल, फांद्या लांब दिसतील, कुणी विचारेल की झाडाकडे लक्ष नाही का. तरी आवरायचा.

आणखी एक शब्द मी बागायतदारांकडून घेतला आहे, ‘माजणं’. झाड माजलं म्हणजे पानं मोठी आणि गडद, पेरं लांब, शेंडे रोज पुढे, आणि फूल नाही. जास्त नत्र, जास्त पाणी, मोठी कुंडी आणि कमी ऊन अशी त्याची कारणं. उलट अगदी उपाशी ठेवलेलं झाडही फुलत नाही, कारण डोळ्यात घालायला त्याच्याजवळ काही नसतं. या दोन टोकांच्या मधली जागा प्रत्येक गच्चीवर वेगळी असते आणि ती वही ठेवल्याशिवाय सापडत नाही.

वेलीकडे असं डोळ्यात तेल घालून बघण्याची सवय काय देते, याचं उदाहरण तासगाव तालुक्यातच आहे. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस जातीच्या बागेत वेगळी निघालेली फूट हेरली, तिचीच वाढ केली, आणि त्यातून ‘तास-ए-गणेश’ हा वाण आला. बोन्साय करणाऱ्याला असा डोळा हवा. झाड एकच असलं तरी त्याच्या दोन फांद्या सारख्या नसतात.

आता डाळिंब. या पुस्तकाचा निम्मा भाग मी त्याला दिला आहे आणि त्याबद्दल मला संकोच नाही. सांगलीचा आटपाडी-जत भाग आणि साताऱ्याचा माण-खटाव-फलटण भाग ही डाळिंबाची भूमी आहे. पाऊस कमी, माती हलकी, मुरमाड, हवा कोरडी. बोन्सायसाठी लागणारं बहुतेक सगळं या झाडात उपजत आहे. पान मुळातच लहान. खोडाला वयाबरोबर आपोआप पीळ येतो. जुन्या लाकडावरूनही नवी फूट निघते, त्यामुळे चुकलेली फांदी पुन्हा मिळवता येते. खोडाची एक बाजू मेली, पोकळ झाली, तरी दुसऱ्या बाजूनं झाड अनेक वर्षं जगतं, आणि तीच पोकळी त्याचं सौंदर्य होते. जपानमध्येही पिळाच्या खोडाच्या डाळिंबाला मोठा मान आहे.

आपल्याकडे या झाडाचे तीन बहार धरतात. आंब्याला मोहोर येतो त्या सुमाराचा आंबे बहार, पावसाच्या तोंडाचा मृग बहार आणि पावसाळा सरताना हस्त बहार. डाळिंब मनात येईल तेव्हा थोडं थोडं फुलतच असतं. एका वेळी भरगच्च फुलावं म्हणून शेतकरी त्याला ताण देतो. पाणी तोडतो, पानं पिवळी पडून गळू लागली की उरलेली पानगळ करून घेतो, शेंड्यांची हलकी छाटणी करतो, मग खत आणि पाणी सुरू करतो. विश्रांती घेतलेलं, अन्न साठवलेलं झाड एकदम जागं होतं आणि महिना-दीड महिन्यात कळी दिसते.

हेच उथळ कुंडीत करताना एक फरक कधी विसरू नये. शेतात डाळिंबाची मुळं खोल असतात, पाणी तोडल्यावर झाड हळूहळू, कित्येक आठवड्यांनी ताणावर येतं. तीन इंच खोल कुंडी सांगलीच्या उन्हात एका दिवसात कोरडी होते. तिथे शेतातल्यासारखं पाणी तोडलं तर झाड मरेल. मी डिसेंबरात आठ-दहा दिवस पाणी निम्म्यावर आणते. दुपारी पानं किंचित मलूल दिसली पाहिजेत आणि रात्रीतून सावरली पाहिजेत. सकाळीही मलूल दिसली तर लगेच भिजवते. मग पानं एकेक करून काढते, देठ ठेवून, कात्रीनं. पानगळीसाठी शेतात मारतात ती इथरेलसारखी औषधं घरच्या गच्चीवर आणू नयेत; एका झाडाला अर्ध्या तासाचं काम आहे, हातानं करावं. पानं गेली की झाड पहिल्यांदा खरं दिसतं. आडव्यातिडव्या काड्या, आत वळलेल्या फुटी, बुडातून आलेले फुटवे सगळं उघड होतं. तेव्हा गोडी छाटणी करायची. टोकं थोडी कमी करायची, पण पिकलेल्या आखूड काड्यांना हात लावायचा नाही. डाळिंबाची फुलं नव्या फुटीच्या टोकाशी आणि जुन्या लाकडावरच्या या आखूड काड्यांवर येतात. मी चार वर्षं ज्या टोचऱ्या, ओबडधोबड काड्या ‘आकारात बसत नाहीत’ म्हणून काढत होते, फूल त्यांच्यातच होतं.

डाळिंबाची सगळी फुलं फळत नाहीत. तळाशी निमुळती, घंटेसारखी असतात ती नर फुलं, ती गळतात. बुडाशी फुगीर, घड्यासारखी असतात ती फळतात. नवखा माणूस पहिली गळ बघून घाबरतो आणि पाणी वाढवतो. गळू द्यावीत. लालभडक पाकळ्यांचा सडा हा त्या झाडाचा नेहमीचाच व्यवहार आहे. फळांच्या बाबतीत मात्र मन कठोर करावं लागतं. बोन्सायमध्ये पान लहान होतं, पेर आखूड होतं, पण फूल आणि फळ आपल्या जातीच्या मापानंच येतं. ‘भगवा’ या वाणाचं फळ पाव किलोच्या पुढे जातं; दीड फुटाच्या झाडाला असं एक फळ म्हणजे वर्षाची सगळी कमाई. म्हणून फळ बघायची हौस असेल त्यानं ‘नाना’ ही ठेंगणी, बोरांएवढ्या फळांची जात घ्यावी. आणि जुन्या बागेतलं भगव्याचं किंवा गणेशचं खोड मिळालं असेल तर फुलांवर समाधान मानावं, फार तर एक फळ ठेवावं. गणेश हा वाणही आपल्याच भागातल्या पारखी नजरेची देणगी आहे. १९३६ साली डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड फळबागेत तो निवडला.

बाकीच्या फुलझाडांचं इथे थोडक्यात सांगते, तपशील त्या त्या प्रकरणात आहे. एकच प्रश्न विचारत जायचा: हे झाड नव्या फुटीवर फुलतं की जुन्या काडीवर? बोगनवेल, अडेनियम, कुंती, ताम्हण ही नव्या फुटीच्या टोकाशी फुलणारी. त्यांची छाटणी फुलोऱ्याआधी पुरेशी लवकर करायची आणि नंतर आलेल्या फुटीला हात लावायचा नाही. बोरीचंही तसंच, ती नव्या फुटीवर फुलते, म्हणून शेतकरी उन्हाळ्यात तिला बेधडक छाटतो. उलट सह्याद्रीच्या उतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल होणारी धायटी गेल्या हंगामातल्या काड्यांवर फुलते. तिची छाटणी फुलं सरल्याबरोबर करावी. दिवाळीनंतर कात्री लावली तर त्या वर्षीचा फुलोरा कचऱ्यात जातो. पळस, पांगारा, काटेसावर यांचं मला फार प्रेम आहे, तरी त्यांच्या वाटेला जाऊ नये असंच मी सांगेन. पान मोठं, फांदी जाड, फूल भलं मोठं. त्यांना माळावरच बघावं.

आता आकाराविषयी, आणि त्यासाठी साताऱ्याला गेलं पाहिजे. माझं माहेर तिथलं. कास पठार आता सगळ्या जगाला ठाऊक आहे. पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर २०१२ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लोक तिथे सप्टेंबरात गवतातली फुलं बघायला जातात. मी तुम्हाला मार्च-एप्रिलमध्ये जायला सांगेन, आणि पायाखाली बघण्याऐवजी पठाराच्या कडांकडे बघायला. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर काही इंचांचा. चार महिने धो धो पाऊस, आठ महिने तापलेला दगड. जिथे भेग आहे तिथेच झाड, आणि ते त्या भेगेच्या मापाचं. महाबळेश्वरच्या माथ्यावर अंजनीची राई आहे. आत शिरलं की खोडं वाकडी, गाठाळ, शेवाळानं मढलेली आणि माथा छत्रीसारखा सपाट. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानांच्या बेचक्यांत आणि थेट जुन्या लाकडाला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. अंजनीला कुणी तार बांधलेली नाही. वारा, पाऊस आणि कातळ यांनीच ती घडवली आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथे उघड्या कड्यावरचं झाड बघा, सगळ्या फांद्या एकाच दिशेला गेलेल्या असतात. जपानी गुरू ‘वाऱ्यानं झुकलेलं झाड’ ही शैली शिकवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचा समुद्रकिनारा असतो. आपल्या डोळ्यांसमोर चाळकेवाडी असावी.

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माण. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. इथली बोर, बाभूळ, हिवर वेगळ्या तऱ्हेनं खुजी होतात. पाणी नाही आणि वरून मेंढ्या. वाटेकडेची बोर बघा. मेंढ्या-शेळ्या तिची कोवळी फूट पुन्हा पुन्हा खातात, आणि ती जमिनीलगत गच्च, गोल, काटेरी होते. मग एखादा मधला कोंब तोंडाच्या टप्प्याबाहेर निसटतो आणि वर झाड होतं. खाली घट्ट घेर, वर मोकळा माथा. असा आकार मी एकाही परदेशी पुस्तकात पाहिला नाही. या पुस्तकात तो ‘माणदेशी घडण’ या नावानं दिला आहे. नाव माझं, आकार मेंढ्यांचा.

इथे एक कळकळीची विनंती. कास, महाबळेश्वर, चाळकेवाडी इथून एकही झाड उपटून आणू नका. वनक्षेत्रातून झाड काढणं कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. कातळाच्या भेगेतली अंजनी पन्नास वर्षं त्या भेगेशी जमवून घेत वाढलेली असते. ती उपटताना मूळ तुटतं आणि खाली आणल्यावर महिन्यात झाड वाळतं. वही घेऊन जा, रेखाटनं करा, फोटो काढा. आकार तिथून आणा आणि झाड रोपवाटिकेतून, स्वतःच्या कलमातून किंवा काढून टाकलेल्या बागेतून घ्या.

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. घरात ठेवू नये, वाढ खुंटते, असंही म्हणतात. म्हणणाऱ्यांचा कळवळा खोटा नाही, म्हणून उत्तर नीट दिलं पाहिजे. सांगलीत हजारो एकरांवर द्राक्षवेल दर एप्रिलला खरडली जाते आणि नीट सांभाळलेली बाग पुढची कित्येक वर्षं भरभरून देते. छाटणीनं झाड नवं होतं. कुंडीतल्या झाडाची मुळं दोन-तीन वर्षांनी कापली की पांढरी, तरुण मुळं फुटतात. न कापलेलं झाड कुंडीतच गुदमरतं. छळ कुठे होतो ते मी पाहिलं आहे. दिवाणखान्यात शोभेला आणून ठेवलेलं आणि उन्हाला मुकलेलं डाळिंब, सहलीला गेलेल्या घरात चार दिवस तहानलेली कुंती, पावसाळ्यात सोडायची राहून सालीत रुतलेली तार. हे आपल्या हातून होतं आणि ते टाळणं आपल्याच हातात आहे. ज्याला रोज सकाळी दहा मिनिटं देता येत नाहीत त्यानं बोन्साय करू नये, हे मी स्पष्ट लिहिते.

तारेबद्दल थोडं. डाळिंबाची कोवळी काडी वळते, जुनी कडकन मोडते. म्हणून वळण द्यायचं ते पहिल्याच वर्षी. पावसाळ्यात फांदी इतक्या वेगानं जाड होते की जूनमध्ये सैल असलेली तार ऑगस्टमध्ये रुतते. दर आठवड्याला बोट फिरवून बघावं. तार उलटी उलगडत बसू नये, जागोजागी कापून काढावी. पुष्कळ ठिकाणी तारेची गरजच नसते. डाळिंबाला पानं आणि डोळे समोरासमोर जोडीनं येतात. कापानंतर दोन्ही फुटतात, त्यातला हव्या दिशेचा एक ठेवला की फांदी स्वतःच वळते. पंधरा वर्षांनंतर माझा कल या बाजूलाच अधिक आहे. कात्रीनं वळवलेली फांदी तारेनं वळवलेल्या फांदीपेक्षा खरी दिसते.

मातीची चूक कृष्णाकाठच्या आम्हा लोकांकडून हमखास होते. काळ्या मातीचा आपल्याला अभिमान आहे आणि शेतात तो योग्यच आहे. उथळ कुंडीत मात्र ती माती ओली असताना चिखल आणि वाळल्यावर दगड होते, भेगाळते, बारीक मुळं तोडते. मुरूम, जांभ्याचे किंवा विटेचे चाळलेले खडे आणि जुनं कुजलेलं शेणखत, एवढ्यावर आटपाडीचं डाळिंब आनंदानं जगतं; त्याच्या मूळ गावची जमीन याहून मऊ नसतेच. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करून पुसावी. डाळिंबाच्या बागांना ज्या तेल्या रोगानं इतकं रडवलं तो जिवाणूंमुळे होतो, आणि ते जखमेतून आत शिरतात. पावसाळी दमट हवेत तो झपाट्यानं पसरतो, म्हणून भर पावसात डाळिंबाला मोठा काप देऊ नये. गच्चीसाठी मृग बहार न धरता आंबे बहार धरावा असं मी सांगते त्याचं कारणही हेच.

ही कला कुठून आली, यावर मी फार पानं खर्च केलेली नाहीत. चीनमध्ये आठव्या शतकाच्या आरंभीच्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या भिंतीवर थाळीतली छोटी झाडं हातात धरलेली माणसं चितारलेली आहेत. जपाननं ती कला घेतली, गाळली, आणि १९२३च्या भूकंपानंतर टोकियो सोडलेल्या कारागिरांनी ओमिया इथे १९२५ साली बोन्सायचं गावच वसवलं. मूळ कला आपलीच होती असं अभिमानानं सांगणारे लोक भेटतात; मला त्या दाव्याची गरज वाटत नाही. वेलीच्या डोळ्यात घड कधी धरतो, डाळिंबाला ताण किती द्यायचा, हे ज्या जिल्ह्यांत घराघरांत बोललं जातं, तिथे या कलेला रुजायला जागा आहे, एवढं पुरे आहे.

पुस्तक वाचताना सोबत एक वही ठेवा. खरड छाटणीची तारीख, शेवटचा शेंडा खुडल्याची तारीख, ताणाचे दिवस, पहिली कळी. पहिल्या वर्षी या तारखांचा काही अर्थ लागणार नाही. तिसऱ्या वर्षी तुमच्या गच्चीचं पंचांग तुमच्यासमोर असेल, आणि ते या पुस्तकातल्या महिन्यांशी जुळलं नाही तर तुमची वही खरी धरा.

आणि आटपाडी, जत, माण, खटावकडे कुणी नात्याचं-ओळखीचं असेल तर त्यांच्या कानावर घालून ठेवा. मर रोगानं किंवा तेल्यानं गेलेल्या बागेतलं खोड आणू नका, ते सोबत रोग घेऊन येतं. पण वय झालं म्हणून, पाणी पुरत नाही म्हणून किंवा पीक बदलायचं म्हणून चांगल्या बागा दरवर्षी निघतात. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, खोडं चुलीत जाण्याआधी, तिथे पोचा. शेतकऱ्याला विचारून एकच आणा. मुळांना ओलं गोणपाट गुंडाळा, आणि घरी आल्यावर पहिलं वर्षभर त्याला कात्री लावू नका.